अब्राहामाची कन्या



संत लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात एका स्त्रीविषयी सांगितले आहे. अठरा वर्षे ती कमरेत वाकलेली होती. शब्बाथ दिवशी ती सभास्थानात आली. तिने काही मागितले नाही. प्रभू येशूनेच तिला पाहिले, जवळ बोलावले आणि तिच्यावर हात ठेवले. त्याच क्षणी ती सरळ उभी राहिली. सभास्थानाच्या अधिकाऱ्याला मात्र राग आला. बरे व्हायचे तर आठवड्यात दुसरे सहा दिवस आहेत, असे त्याने लोकांना सुनावले. तेव्हा प्रभूने विचारले, शब्बाथ दिवशी तुम्ही आपला बैल सोडून पाण्यावर नेता, मग या अब्राहामाच्या कन्येला मोकळे करायला नको काय?

‘अब्राहामाची कन्या’ हे शब्द आपण वाचतो आणि पुढे जातो. पण देवाने अब्राहामाला वचन दिले होते आणि त्याची लेकरे त्या वचनाची वारस होती. सर्वांसमोर तिला ‘कन्या’ म्हणून प्रभूने तिचा वारसा मान्य केला. तिची पाठ सरळ झाली आणि तिचा हक्कही उभा राहिला.

आज जगभर अनेक स्वयंसेवक आपला देश सोडून परक्या गावांत जातात, स्त्रियांना शिक्षण मिळावे, त्यांच्या हक्कांची जाणीव व्हावी म्हणून काम करतात. हे कार्य परदेशातून आलेले नवे खूळ आहे, असे काहींना वाटते. त्यांनी आपल्याच जिल्ह्यातील देवरुखकडे पाहावे.

पंडिता रमाबाई यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. बोस्टनमधील रमाबाई असोसिएशनने त्याचा खर्च दहा वर्षे उचलण्याचे मान्य केले होते. समुद्रापलीकडच्या, आपल्या मुलींना कधीही न पाहिलेल्या माणसांनी त्यासाठी पैसे दिले. त्या सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी होती देवरुखची बालविधवा गोदूबाई. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी विवाह केला. लग्नानंतर ते दापोली तालुक्यातील मुरुड या आपल्या गावी गेले, तेव्हा गावाने सभा घेऊन त्यांच्यावर बहिष्कार घातला. वाकलेली स्त्री सरळ उभी राहिली, की कोणीतरी रागावतोच.

गोदूबाईची बहीण पार्वतीबाई आठवले याही तरुणपणी विधवा झाल्या. त्यांनी पुनर्विवाह केला नाही. कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, त्याला त्यांनी आयुष्य वाहिले. आश्रमासाठी त्या गावोगाव भाषणे देत आणि निधी जमवीत. विधवेने केशवपन करण्याची रूढी त्यांनी वयाच्या चाळिशीनंतर सोडली, तीही लोकनिंदा सोसून. १९१८ साली त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी शिकावे आणि आश्रमासाठी मदत मिळवावी, हा हेतू होता. हाताशी पैसा नव्हता, भाषा येत नव्हती. तिथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केले. १९२० साली त्या परतल्या आणि पुन्हा आश्रमाच्या कामाला लागल्या. १९२८ साली त्यांनी ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले.

जातीने उच्च मानल्या गेलेल्या घरातील ही स्त्री परदेशात दुसऱ्याच्या घरी राबली. मागे राहिलेल्या बहिणींचे भले व्हावे, एवढेच तिच्या मनात होते. ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले आणि दासाचे रूप घेतले, असे संत पौल फिलिप्पैकरांना सांगतो. पार्वतीबाई ख्रिस्ती नव्हत्या. पण आपण जे वेदीसमोर ऐकतो त्याची खूण त्यांच्या जीवनात दिसते, हे आपण कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

आता आपल्या घरांकडे येऊ. रूढी अजून सरलेल्या नाहीत. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने ठराव केला, की पती वारल्यावर स्त्रीच्या बांगड्या फोडू नयेत, कुंकू पुसू नये. शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवण्यास सांगितले. आपल्यात या प्रथा नाहीत, असे म्हणून आपण निश्चिंत होऊ नये. मुलीच्या रोसाला विधवा आईने पुढे व्हावे की मागे थांबावे, अशी कुजबुज कुठल्याच ख्रिस्ती घरात होत नाही, असे आपण छातीवर हात ठेवून म्हणू शकतो का?

आणि जमिनीचे काय? वडिलांनी मृत्युपत्र केलेले नसेल, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती कुटुंबात आईचा एक तृतीयांश हिस्सा असतो आणि उरलेला मुलगा व मुलगी यांच्यात सारखा वाटला जातो. कायदा भेद करीत नाही. तरी वडील गेल्यावर बहिणीला माहेरी बोलावतात, गोडधोड जेवू घालतात आणि दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही घेतात. ती सही करते, कारण सही केली नाही तर माहेर तुटेल अशी भीती असते. अशा सहीला स्वखुशीची म्हणता येईल का? खरोखर मनापासून हक्क सोडणारी बहीणही असते. पण ‘नाही’ म्हणूनही जिचे माहेर शाबूत राहते, तिचेच ‘हो’ मोकळे असते.

गणना या ग्रंथात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून वडिलांचे वतन मागतात. मोशे ती गोष्ट देवापुढे नेतो आणि देव सांगतो, की त्यांचे म्हणणे योग्य आहे. संत थॉमस अक्वायनस शिकवतात, की ज्याचे जे आहे ते त्याला देण्याची मनाची स्थिर वृत्ती म्हणजे न्याय. सणाला बहिणीला साडी घेणे ही माया झाली. तिचा हिस्सा तिला देणे हा न्याय. मायेची साडी घालून न्याय झाकता येत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवणही स्पष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली सांगितले, की स्त्री-पुरुष भेदावरून होणारा पक्षपात देवाच्या योजनेविरुद्ध आहे. भारतीय बिशपांच्या परिषदेने २०१० साली स्त्री-पुरुष समानतेविषयी धोरणही जाहीर केले. ते धोरण घराघरांत पोचवायचे काम आपले आहे. त्यासाठी आपल्याला समुद्र ओलांडण्याची गरज नाही. सातबाऱ्यावर बहिणीचे नाव लागताना आपण आनंदी राहावे. पुढच्या रोसाला विधवा आईच्या हाती पहिला नारळाचा रस द्यावा. मुलीच्या पगाराचा निर्णय मुलीला घेऊ द्यावा. यातले एक तरी या आठवड्यात घरी बसून बोलूया.

प्रभूने त्या स्त्रीला सर्वांच्या मधोमध बोलावले होते. आपल्या घरातील वाकलेल्या कन्येलाही तो आज बोलावीत आहे. तिला मोकळे होताना पाहून रागावणाऱ्यांत आपण नसावे, देवाचा महिमा गाणाऱ्यांत असावे, एवढी कृपा पवित्र मरियामातेच्या मध्यस्थीने आपण मागूया. आमेन.