यंत्राची साक्ष, माणसाची सही

न्यायालयांच्या संगणकीकरणाविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, त्यात वेगाचाच महिमा अधिक असतो. तुंबलेले खटले निकालात निघतील, पक्षकाराला तारखेसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालावे लागणार नाहीत, रोजनामा घरबसल्या पाहता येईल, आणि यांपैकी काही गोष्टी २००७ पासून चाललेल्या ई-न्यायालय प्रकल्पाने साध्यही केल्या आहेत, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु न्यायाचा सारा डोलारा पुराव्यावर उभा असतो, आणि यंत्राने जे टिपून ठेवले त्याची जबाबदारी कोणी घ्यायची, हा प्रश्न मला वेगाच्या प्रश्नाहून कितीतरी गंभीर वाटतो.

जालना मतदारसंघातील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचे प्रकरण या दृष्टीने मनन करण्याजोगे आहे. अर्जुन खोतकर तेथून अवघ्या २९६ मतांनी निवडून आले; २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या आत दाखल व्हावयाचे त्यांचे नामनिर्देशनपत्र मुदत टळल्यावर स्वीकारले गेले, असा आक्षेप पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी उच्च न्यायालयात घेतला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात आणि दालनाबाहेर सरकारी कॅमेरे चालू होते. त्यांच्या चित्रीकरणाच्या तबकड्या न्यायालयात आल्याही. पण हे चित्रीकरण अमुक यंत्रावर झाले आणि ते यंत्र त्या वेळी सुरळीत चालत होते, असा जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीचा जो दाखला पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब प्रमाणे त्यांच्यासोबत हवा होता, तो वारंवार मागूनही सरकारी अधिकाऱ्यांनी दिला नाही. अखेर औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याची उलटतपासणीतील जबानीच दाखल्याच्या ठिकाणी पुरेशी मानली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये निवड रद्दबातल ठरवली.

सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्वाळा दिला, तेव्हा ती विधानसभा मुदत संपून इतिहासजमा झाली होती. मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले नसेल तर दाखला अनिवार्य आहे, तोंडी जबानीने त्याची उणीव भरून निघत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र ज्या पक्षकाराने दाखल्यासाठी आपल्या हातचे सर्व उपाय केले, त्याला अशक्य ते करून दाखवण्यास कायदा भाग पाडणार नाही, हेही स्पष्ट केले.

कित्येक वकिलांना हा दाखला म्हणजे निव्वळ तांत्रिक अडसर वाटतो. मला तो अत्यावश्यक वाटतो, कारण साक्षीदाराला शपथ देता येते, उलटतपासणीत त्याचा खोटेपणा उघडा पाडता येतो, खोट्या साक्षीबद्दल शिक्षाही करता येते, आणि यांतले काहीही तबकडीच्या बाबतीत संभवत नाही. तिच्यामागे नावानिशी एक माणूस उभा करावा लागतो. जुन्या पुरावा अधिनियमाच्या जागी १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने हे बंधन अधिक कडक केले. आता दाखल्याचे दोन भाग आहेत. दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही लागते आणि त्यात संबंधित नोंदीचे हॅश मूल्य लिहावे लागते. हे मूल्य म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली अक्षरा-अंकांची ओळ. मूळ मजकुरात एका बिंदूचा फेरफार झाला तरी ती बदलते.

परंतु ज्याचा पुरावा दुसऱ्याच्या यंत्रात कोंडलेला आहे, त्याने काय करावे? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवून चित्रीकरण शक्यतो १८ महिने, निदान वर्षभर जपण्याचा हुकूम दिला. कोठडीत मार खाल्लेल्या माणसाला मात्र दाखल्यासाठी त्याच ठाण्याच्या दारात उभे राहावे लागते, आणि तज्ज्ञाची सही मिळवण्याची ऐपत त्याच्याजवळ क्वचितच असते. जालन्यात एका राजकीय नेत्याला जो दाखला सरकारदरबारी मिळाला नाही, तो त्याला कोण देणार?

म्हणून संसदेने या कायद्यात एवढी दुरुस्ती तातडीने करावी: सरकारी यंत्रातील नोंदीची नक्कल देताना दोन्ही भागांचा दाखला त्याच कार्यालयाने, विनामूल्य आणि ठरलेल्या मुदतीत सोबत जोडावा, आणि तो नाकारल्यास न्यायालयाने त्या कार्यालयाविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढावे. जिल्ह्याजिल्ह्यांतील वकील संघांनी ही मागणी ठराव करून दिल्लीपर्यंत पोहोचवावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.