भिंतीचं काम

ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेतलं घरकुल म्हणजे किमान 25 चौरस मीटर, 269 चौरस फूट. स्वयंपाकाची जागा त्यातच. आधीच्या इंदिरा आवास योजनेच्या काळात हाच आकडा 20 चौरस मीटर होता, म्हणजे वाढ झाली हे खरं. पण हे मोजमाप जमिनीचं आहे, आणि लहान घरात जागा सापडते ती भिंतीत.

हिंगोलीकडच्या माळवदाच्या जुन्या घरांच्या भिंती चांगल्या दोन-अडीच फूट जाड. त्या जाडीतच कोनाडे, दिव्याची देवळी, फडताळ, कुठे धान्याचं बळदसुद्धा. खुंट्यांवर कपडे, वर टांगलेलं शिंकं, कोपऱ्यात उतरंड, घडवंचीवर वाकळांची चळत. घर लहानच असे, पण सामान पायात येत नसे. त्याच खणात माणसं जेवत, निजत, पाहुणेही उतरत.

घरकुलाची भिंत वीतभर जाडीची. तिच्या पोटात काहीच मावत नाही, मग सगळं जमिनीवर उतरतं: सोयाबीनची पोती, हळदीचे कट्टे, अंथरुणं, लेकरांची दप्तरं. भाव येईपर्यंत माल घरातच. रात्री अंथरूण टाकायला सामान सरकवायचं, पहाटे चुलीसाठी पुन्हा ओढायचं. हे बहुतेक घरांत बाईच करते. भिंत जे काम मुकाट्यानं करत होती, ते आता तिच्या कमरेवर आलं आहे. ‘एवढ्याशा जागेत किती नेटका संसार!’ हे कौतुक मला म्हणूनच खटकतं. त्या नेटकेपणाचे कष्ट कुणी मोजलेले नसतात.

जुनी भिंत परत आणा, असं मी म्हणणार नाही. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी परिसरात अशाच दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसं गाडली गेली. आपल्या हिंगोली जिल्ह्याची जमीनही स्वस्थ नाही. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या आसपास जमिनीतून येणारे आवाज लोक वर्षानुवर्षं ऐकतात, आणि 10 जुलै 2024च्या सकाळी 4.5 तीव्रतेचा धक्का जिल्ह्यानं अनुभवला. घर पक्कंच हवं.

मात्र भूकंपाला टिकायचं तर दारं-खिडक्यांच्या वर काँक्रीटचा सलग पट्टा लागतोच. त्याच वेळी एका बाजूला तो घराच्या आत दोन फूट वाढवला तर पोटमाळा तयार होतो. भिंत चढतानाच कडप्पा बसवला तर मांडणी होते. नंतर फोडाफोड नको. जड पोती माळ्यावर जाणार नाहीत, हे कबूल. पण अंथरुणं आणि वापरात नसलेली भांडी वर गेली, की पोत्यांना एक कायमचा कोपरा मिळतो आणि रोजची ओढाताण थांबते. घरकुलाच्या खर्चात थोडी भर पडेल, ती शासनानं सोसावी.

आणि जोतं झालं, की वीट चढण्याआधी अभियंत्यानं घरातल्या बाईला विचारावं: माळा कोणत्या भिंतीला हवा, मांडणी किती उंचीवर, पोती कुठं राहतील.