ढील

होडी जागेवर धरणाऱ्या आकड्याला नांगर म्हणतात आणि आमच्या औतालाही नांगरच म्हणतात. दोघांची कामं वेगळी, पण नियम एकच. ओढ आडवी लागली तर रुततो, वर लागली तर निघून येतो. जुंपण आखूड झालं की नांगर उचलतो, तास उथळ पडतं. बैलानं शेती केलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही.

आमच्या शेवगाव तालुक्यात हे दोन्ही नांगर शेजारी शेजारी दिसतात. १९६५ साली पैठणला जायकवाडीचा पाया घातला गेला, १९७६ ला धरणाचं उद्घाटन झालं, आणि नाथसागराचं पाणी शेवगाव-नेवाशाच्या शिवारात शिरलं. पाणी ओसरलं की गाळपेर, भरलं की मासे.

होडीचा दोर घेताना जाणता माणूस आधी भाव विचारत नाही. अंबाडीचा दोर हाताला चांगला, पण सतत ओला राहिला की कुजतो. प्लास्टिकचा पिवळा दोर स्वस्त, पण तो पाण्यावर तरंगतो, दुसऱ्याच्या होडीत अडकतो आणि उन्हानं त्याची कुसळं सुटतात. नांगराला नायलॉनचा बरा. तो बुडतो, आणि वाऱ्याचा झटका आला की जरा लांबून तो झटका पोटात घेतो. मग लांबी. दहा फूट पाण्यात पन्नास ते सत्तर फूट दोर सोडायचा. माणसाला वाटतं, जवळ बांधली म्हणजे पक्की. पण आखूड दोर नांगराला वर ओढतो आणि होडी जाते. काठाला आखूड बांधली अन् रातून पाणी चढलं, तर होडीचं नाक खाली दबतं.

हे सगळं मी सध्या सातबाऱ्याच्या निमित्तानं मनात घोळवतोय. पोरगं चाकणला कंपनीत आहे. वाटणी करून त्याचं नाव लावायचंय. भाऊबंद म्हणतात, "आधी गावात राहायचं कबूल करून घे, मग सही कर." त्यांचं अगदीच चूक आहे असं नाही. नुसता सोडलेला दोर म्हणजे ढील नव्हे. तशी होडी दगडावर आपटते, शेजाऱ्याच्या जाळ्यात शिरते. जमिनीकडं ढुंकून न बघणाऱ्याच्या नावावर जमीन करणं हा जमिनीवर अन्यायच आहे.

पण अट घालून राहिलेलं पोरगं घरात राहील, मनानं नाही. ज्या मातीत त्यानं रुतावं असं मला वाटतं, तिथूनच अटीची ओढ त्याला उपटून काढील.

आणखी एक गोष्ट होडीवाले सांगतात. दोर ओढीनं तुटतो त्यापेक्षा घासून जास्त तुटतो. जिथं काठावर घासतो तिथं ते रबरी नळीचा तुकडा घालतात आणि रोज हात फिरवून बघतात. "कधी येतो, का येत नाही," हे फोनवर रोजचं विचारणं म्हणजे ते घासणंच.

नाव बिनअटीनं लावायचं मी ठरवलंय. त्याला एवढंच सांगणार आहे, की पेरणीला दोन दिवस ये, पाभर मी धरीन, मूठ तू धर. आला तर बरंच. नाही आला, तर पुढच्या मृगाला पुन्हा सांगीन.