गिरणीचा दिवस

यंत्रयुगाने श्रमाचे स्वरूप पालटले हे विधान इतक्यांदा झाले आहे की त्याखाली दडलेला एक साधा प्रश्न सहसा कोणी उकरून पाहत नाही : मजुराचा दिवस किती तासांचा, आणि तो ठरवायचा कोणी? कोकणातला कुळवाडी असो वा येवल्याचा विणकर, प्रसंगी रात्रीचा दिवस करणारी ही माणसे काम सरले की अंग टाकीत. त्यांच्या श्रमाची मोजदाद शेताच्या तुकड्यावर किंवा कापडाच्या लांबीवर होई, घड्याळावर नव्हे.

ताडदेवला कावसजी दावरांची गिरणी 1856 साली सुरू झाली आणि पुढे परळ-लालबागेकडे धुराड्यांची दाटी झाली, तेव्हा अशाच माणसांना पहाटे भोंगा उठवू लागला. वेळ चुकली की खाडा पडे आणि काम टिकवायचे तर जॉबरच्या दस्तुरीची तजवीज करावी लागे. तथापि या कारखान्यातही एक सत्ता मालकाहून वरचढ होती, ती सूर्याची. अंधारात तुटलेला धागा दिसत नाही. म्हणून बहुतेक गिरण्या उजाडताना सुरू होऊन मावळतीला थांबत, आणि त्यामुळे कामाचा दिवस हिवाळ्यात अकरा तासांच्या आसपास, तर उन्हाळ्यात तेरा तासांवर जाई.

1881 चा फॅक्टरी कायदा आला तो मुख्यतः मुलांपुरता. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना मुंबईची स्पर्धा खुपत होती आणि त्यांच्या भूतदयेला हिशेबाची जोड होती, हा ‘केसरी’सारख्या पत्रांचा आक्षेप निराधार नव्हता, पण औषध शत्रूने पाठविले एवढ्यावरून रोग नाहीसा होत नाही, हे आपल्या पुढाऱ्यांना बराच काळ उमगले नाही. ते उमगले नारायण मेघाजी लोखंडे या जोतीरावांच्या अनुयायाला. 1884 च्या सप्टेंबरात परळला सभा भरवून त्यांनी सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या कमिशनपुढे धाडला. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, जायबंदी झाल्यास भरपाई, आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, अशी ती कैफियत होती. (रविवार हा साहेबाच्या प्रार्थनेचा खरा, पण घाटावरच्या कामगाराला तो खंडोबाचाही वार होता.) यातली शेवटची मागणी मला फार बोलकी वाटते. दिवसाचे एक टोक घड्याळाला बांधलेले, दुसरे अजून सूर्याच्या हाती! 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन स्त्रियाही त्या सभेत बोलल्या, आणि 10 जूनला मालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

सूर्याचा अंमल उठला तो 1905 च्या सुमारास, विजेच्या दिव्यांनी. मावळतीनंतरही साचे धडधडत राहिले आणि दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. त्यातच 1906 च्या जानेवारीत मुंबईच्या वेळेहून 39 मिनिटे पुढची ‘स्टँडर्ड’ वेळ लागू होताच एका गिरणीतले कामगार हत्यारे टाकून बाहेर पडले. अडाण्यांची ही घड्याळाशी झुंज म्हणून हसण्यात अर्थ नाही, कारण काट्याची ही किमया म्हणजे आणखी अंधारात उठणे हे त्यांना बिनचूक कळले होते; आणि खुद्द शहराच्या पालिकेनेही जुनी वेळ 1955 पर्यंत सोडली नाही.

निसर्गाची मर्यादा सुटली, तेव्हा ती कायद्याकडून मागून घेणे प्राप्त झाले. 1911 साली कापडगिरण्यांतील पुरुषांना बारा तास, 1922 साली अकरा, 1934 साली दहा आणि 1948 साली आठवड्याला 48, असा तो दिवस आखडत गेला; ही उतरंड संप, टाळेबंदी आणि उपासमार सोसून मिळालेली आहे.

मात्र या हिशेबात खानावळवाली कधीच आली नाही. कुटुंब गावी ठेवून आलेल्या कामगारांचे डबे गिरणगावातल्या खोल्या-खोल्यांतून ज्या बायकांनी रांधले, त्यांचा दिवस गिरणीत पाळ्या वाढल्या तसा उलट लांबत गेला. एक पाळी जेवून उठते तोच दुसरीची चूल पेटवायची. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडविण्याचा आणि बँकेचे कर्ज मिळवून देण्याचा मार्ग काढला. तासांची दरखास्त मात्र राहूनच गेली, कारण ती करावी तर समोर मालक नव्हता.