सेवकाचा मान कसा करावा?

आपल्या मंडळींतील एखादा भाऊ किंवा एखादी बहीण जन्मभर दुःखितांची सेवा करते, भांडणाऱ्यांचा समेट करिते, उपाशी मनुष्यास आपल्या ताटांतला घांस देते. आणि मग केव्हां तरी, बहुधा ती व्यक्ति थकल्यावर किंवा आपणांतून गेल्यावर, मंडळीच्या पंचांना सुचतें कीं हिचा कांहीं सन्मान केला पाहिजे. मग सभा भरते, वर्गणी गोळा होते, हार येतात, भाषणें होतात. हें करणें योग्य आहे काय, आणि योग्य असल्यास कोणत्या रीतीनें, हा प्रश्न खेड्यांतील मंडळ्यांपुढें वारंवार येतो. म्हणून, वाचकहो, त्याचा येथें थोडा विचार करूं.

कित्येक भाविक बंधु म्हणतात कीं मनुष्याचा गौरव करूंच नये. जें चांगलें झालें तें देवानें केलें, तेव्हां स्तुति त्याचीच व्हावी. हें बोलणें हंसून सोडून देण्याजोगें नाहीं. आपले वाडवडील ज्या चालींत वाढले, तींत साधुपुरुष गेला कीं त्याची समाधि होई, समाधीवर पादुका, पादुकांपुढें दिवा, आणि थोड्याच वर्षांत नवस. आदराची वाट उपासनेच्या दाराशीं किती लवकर जाऊन पोंचते, हें आपल्या लोकांस कोणीं शिकवावयास नको. लुस्त्र नगरांत पौल व बर्णबा यांच्यापुढें बैल व माळा आणिल्या, तेव्हां त्यांनीं आपलीं वस्त्रें फाडलीं व लोकांस थांबविलें. या गोष्टीचा पुढचा भाग मात्र आपण क्वचितच वाचून दाखवितों. त्याच लोकांनीं, बाहेरून आलेल्या कांहीं मनुष्यांच्या चिथावणीवरून, लवकरच पौलाला दगडमार केला. ज्यांनीं त्याला न समजतां देव म्हटलें, त्यांना त्याचा वैरी होण्यास फार वेळ लागला नाहीं. माळ घालणारा हात आणि दगड उचलणारा हात एकच असूं शकतो. कारण दोन्ही वेळीं त्या मनुष्याचें म्हणणें काय आहे, हें ऐकून घेतलेलेंच नसतें.

म्हणून मान करूंच नये काय? तसें म्हटल्यास दुसरें पाप दाराशीं उभें राहतें, तें कृतघ्नतेचें. यापो येथें तबीथा मरण पावली तेव्हां विधवांनीं काय केलें तें पाहा. त्यांनीं भाषण केलें नाहीं. तिनें शिवलेले अंगरखे व वस्त्रें पुढें आणून त्या रडत उभ्या राहिल्या. तिचें काम त्यांच्या हातांत होतें, कदाचित् अंगावरहि होतें. तें त्यांनीं दाखविलें. पेत्रानें त्यांस दोष दिला नाहीं. मला वाटतें, मंडळीनें करावयाच्या सन्मानाचा हा उत्तम नमुना आहे. तींत खोटें कांहीं नाहीं, आणि बाईची मूर्ति करण्याचीहि भीति नाहीं.

आपल्याच देशांतील उदाहरण घ्यावयाचें तर पंडिता रमाबाईंचें घ्यावें. त्यांचें नांव आपल्या प्रत्येक मंडळींत ठाऊक आहे, आणि नांव ठाऊक असलें कीं मनुष्य ठाऊक आहे असें आपण समजतों. त्यांचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे आईबाप मद्रास इलाख्यांत दुष्काळाच्या दिवसांत अन्नाविना मेले, आणि भावाबरोबर त्या हजारों मैल पायीं हिंडल्या. भूक म्हणजे काय हें त्यांस पुस्तकांतून कळलेलें नव्हतें. म्हणून १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हां त्या मध्यप्रांतांत स्वतः गेल्या आणि मरणाच्या दारांतून सुमारें तीनशें मुली व विधवा घेऊन आल्या. पुढें १९०० सालच्या दुष्काळांत गुजराथेंतूनहि आणिल्या. पुणें जिल्ह्यांत केडगांव येथें शेतजमीन होती, तेथें त्यांची सोय झाली. एका जातीच्या मुलीनें दुसऱ्या जातीच्या मुलीजवळ बसून जेवावें, हें त्या काळीं साधें काम नव्हतें. तेथें विणकाम चाले, तेलाचा घाणा चाले, छापखान्यांत मुली खिळे जुळवीत. आंधळ्या मुलींस बोटांनीं वाचावयास शिकवीत. दयेचें काम म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें वाढलेलें ताट येतें. बाईंना तेवढ्यानें समाधान नव्हतें. जी खाते तिला उद्यां कमवितां आलें पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

परंतु ही बाई सर्वांस गोड वाटेल अशी नव्हती, आणि सन्मानाच्या भाषणांतून हाच भाग गाळला जातो. १८८९ सालीं मुंबईस त्यांनीं शारदासदन उघडलें व पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. तेथील मुली ख्रिस्ताकडे वळूं लागल्या असा बोभाटा होऊन १८९३ सालीं रानडे व भांडारकर यांच्यासारख्या थोर गृहस्थांनीं सल्लागार मंडळ सोडलें, आणि कित्येक पालकांनीं मुली घरीं नेल्या. इकडे इंग्लंडांत ज्या ख्रिस्ती मंडळींत त्यांचा १८८३ सालीं बाप्तिस्मा झाला, तेथील वडीलधाऱ्यांसहि त्यांचे प्रश्न सोसवले नाहींत. कोणाच्या सांगण्यावरून विश्वासाची एखादी गोष्ट त्या मुकाट्यानें मान्य करीत नसत. आणि १८९७ सालीं पुण्यास प्लेग असतां तेथील इस्पितळांत बायकांची कशी हेळसांड होते, हें त्यांनीं मुंबईच्या एका ख्रिस्ती पत्रांत उघड लिहिलें. सरकारानें तें खोटें ठरविण्याचा यत्न केला. त्याच सरकारानें १९१९ सालीं त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिलें. मीं हें कोणास टोमणा मारण्यासाठीं लिहीत नाहीं. परंतु पदक देणारास बाईंचें पूर्वीचें पत्र आठवत होतें काय, असें विचारावेंसें वाटतें.

येथें मुख्य मुद्दा येतो. जिवंत सेवक आपणांस अडचणींत टाकतो. तो विचारतो, तुझ्या शेजारची विधवा कशी राहते? तुमच्या भाऊबंदकींत दोन वर्षें बोलणें कां बंद आहे? ही वर्गणी कोठें गेली? अशा मनुष्याला हार घालून खुर्चीवर बसविलें कीं कधींकधीं त्याचें तोंड सभ्यपणें बंद होतें. आणि तो मेला म्हणजे तर त्याची फारच सोय होते, कारण मेलेला मनुष्य प्रश्न विचारीत नाहीं. असा सन्मान म्हणजे सेवकाशीं केलेला व्यवहार होय: आम्ही तुझी स्तुति करितों, तूं आम्हांस सोडून दे.

खरा मान असेल तर तो सत्य सांगेल, म्हणजे सेवकाचें कडू बोलणेंहि सांगेल. आणि तो जवळच्याला मिळेल. पंडिताबाईंच्या नांवानें १९८९ सालीं भारत सरकारानें टपालाचें तिकीट काढलें. शुक्र ग्रहावरील एका विवरासहि त्यांचें नांव दिलें आहे. हें ऐकून आनंद होतो. पण आकाशांतल्या विवरास नांव देण्यास कोणाला कांहीं सोडावें लागत नाहीं. आपल्या गांवांत एखादी म्हातारी बायबल-बाई असते. तिनें चाळीस वर्षें वाड्यावस्त्यांवर जाऊन बाळंतिणींची चौकशी केली, सासवासुनांचे तंटे मिटविले. आतां तिला विहिरीवरून घागर आणवत नाहीं. तिचा सन्मान करावयाचा ठराव सभेंत आला, तर हाराचा खर्च किती यापूर्वीं घागर कोण आणणार हें ठरवावें. आणि तिच्या वाड्यावस्त्या आतां कोण फिरणार, हेंहि त्याच बैठकींत विचारावें. या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत पंचांनीं उठूं नये असें माझें मत आहे. उपदेशकांनीं हें काम आपल्याकडेच ओढून घेऊं नये. मंडळींतील एखाद्या तरुण सुनेचें नांव पुढें आलें तर तिच्या घरच्यांस जाऊन भेटावें, कारण अडचण बहुधा तेथेंच असते.

केडगांवास असें घडलें. पंडिताबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमाबाई, जिच्यावर सर्व भार सोंपवावयाचा होता, ती १९२१ सालीं वारली. स्वतः बाई साध्या बायकांस समजेल अशा मराठींत सर्व पवित्र शास्त्राचें भाषांतर कित्येक वर्षें करीत होत्या. तें काम पुरतें करून त्या ५ एप्रिल १९२२ रोजीं प्रभूजवळ गेल्या. तें शास्त्र १९२४ सालीं छापून बाहेर पडलें, आणि दुष्काळांतून आणिलेल्या मुलींस ज्या छापखान्यांत खिळे जुळवावयास शिकविलें होतें, त्याच केडगांवच्या छापखान्यांत तें छापलें गेलें.