सौजन्य आणि घंटा

सभेत वेळ संपताच वक्त्याने स्वतःहून थांबावे, की अध्यक्षांनी घंटा वाजवून त्यास थांबवावे? प्रश्न किरकोळ वाटतो. पण व्यवस्था सौजन्यावर उभी असावी की नियमावर, हा जुना वाद त्यात दडलेला आहे. संगणकाच्या जगातही तो झाला.

एका प्रोसेसरवर अनेक कामे एकाच वेळी चाललेली दिसतात, ती पाळी वेगाने बदलल्यामुळे. १९९० मधील विंडोज ३.० आणि १९९१ मधील मॅकिंटॉशची सिस्टिम ७ यांत ही पाळी सौजन्याची होती. प्रत्येक प्रोग्रॅमने थोडे काम करून ताबा आपणहून सोडावयाचा. एकाने जरी तो सोडला नाही, तरी बाकीचे ताटकळत आणि पडदा गोठून जाई. अशा प्रोग्रॅमच्या ठायी दुष्टपणा नसे. आपल्यामागे कोण खोळंबले आहे, हे त्याला दिसत नसे, इतकेच. युनिक्समध्ये मात्र घड्याळाच्या ठोक्यावर ताबा काढून घेण्याची रीत १९७० च्या दशकातच होती. १९९५ मध्ये विंडोज ९५ ने ती नव्या ३२-बिट प्रोग्रॅमांना लावली. २००१ मध्ये मॅक ओएस टेननेही ती स्वीकारली. घंटा जिंकली.

सेवेत असताना मीही घंटेच्याच पक्षाचा होतो. कोणतीही फाइल एका टेबलावर तीन दिवसांहून अधिक राहू नये, असा आदेश मी काढला होता. कामे झपाट्याने हलू लागली. तरीही एका विधवेच्या निवृत्तिवेतनाची फाइल अडली. रेकॉर्डकीपरकडून एक जुना उतारा यावयाचा होता, आणि मधले सारे अधिकारी आपापली ‘तातडीची’ कामे त्याच्यावर टाकीत होते. मी त्यालाच कारणे दाखवा नोटीस दिली.

पुढे मंगळावरील पाथफाइंडर यानाची हकिकत वाचली, तेव्हा ती नोटीस आठवली. १९९७ मध्ये त्या यानाचा संगणक पुनःपुन्हा स्वतःला नव्याने सुरू करी. तेथे घंटा होती, अग्रक्रमही होते. पण एका कनिष्ठ कामाच्या हाती असलेल्या सामायिक साधनासाठी एक अतिमहत्त्वाचे काम थांबले होते, आणि मधल्या दर्जाची कामे त्या कनिष्ठाला पुढे सरकू देत नव्हती. अभियंत्यांनी पृथ्वीवरून केलेला उपाय मननीय आहे. जो थोर ज्या लहानासाठी थांबला आहे, त्या थोराचा अग्रक्रम तेवढ्यापुरता त्या लहानाला मिळावा!

अनोळखी लोकांच्या गर्दीत केवळ सौजन्यावर विसंबता येत नाही, हे मला आजही मान्य आहे. परंतु कोण कोणासाठी थांबला आहे, हे घंटेला ऐकू येत नाही. ते घंटा वाजविणाऱ्याने पाहावयाचे असते. मी ते पाहिले नव्हते. त्या रेकॉर्डकीपरला नोटीस नव्हे, माझ्या खुर्चीचा अधिकार दोन दिवस उसना द्यावयास हवा होता.