सेवेचे ७५ तास

अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या शिक्षण मंडळाने १९९२ मध्ये सरकारी शाळांतील प्रत्येक विद्यार्थ्याला समाजसेवा सक्तीची केली. राज्यभर असा नियम लागू करणारे ते तिथले पहिले राज्य. शालेय शिक्षण पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र मिळण्याआधी ७५ तासांची सेवा पुरी करावी लागते, आणि स्थानिक शाळाव्यवस्थेने ठरवल्यास ती माध्यमिकच्या खालच्या इयत्तांपासूनच सुरू होते. बारा-तेरा वर्षांचे मूल गरजूंसाठीच्या धान्य-केंद्रात जाते, दान आलेल्या डब्यांवरच्या तारखा तपासते, मुदत उलटलेले डबे बाजूला काढते आणि जाताना तासांच्या तक्त्यावर तिथल्या माणसाची सही घेते. अशी करवून घेतलेली सेवा ही सेवा म्हणायची का?

हा वाद न्यायालयातही गेला. पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेमच्या शाळांनी ६० तासांची अट घातली, तेव्हा काही पालक आणि विद्यार्थ्यांनी तिला आव्हान दिले. ही वेठबिगार आहे, गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचा हा भंग आहे, असे त्यांचे म्हणणे होते. परोपकाराचे तत्त्व मुलांकडून बळेच वदवून घेतले जाते, हा दुसरा आक्षेप. १९९३ मध्ये अपील न्यायालयाने दोन्ही फेटाळले. नियम कायदेशीर ठरला, पण त्यामागचा नैतिक प्रश्न सुटला नाही.

त्यावर सर्वांत कडक उत्तर तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटचे आहे. बाहेरची सत्ता माणसाकडून कृती करवून घेऊ शकते, हेतू नाही. आणि सद्गुण तर हेतूतच असतो. ज्यू परंपरा नेमके उलटे सांगते. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात रब्बी हनीना यांचे मत आहे की आज्ञा असताना करणारा हा आज्ञा नसताना करणाऱ्याहून श्रेष्ठ. हेतू शुद्ध नसला तरी सत्कर्म सोडू नये, करता करता हेतूही शुद्ध होतो, असेही तिथे म्हटले आहे. ॲरिस्टॉटलचे मत याच्या जवळचे: न्यायाची कृत्ये करत राहूनच माणूस न्यायी होतो. बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे म्हणणे कांटपेक्षा जास्त पटते. त्या वयात हेतू अजून घडायचा असतो; तो आधी सिद्ध झालेला असावा, ही अपेक्षाच चुकीची.

गीतेच्या सतराव्या अध्यायातील दानाचे तीन प्रकार इथे फार उपयोगी पडतात. देणे हे कर्तव्यच आहे, या भावनेने परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य ठिकाणी, योग्य वेळी आणि योग्य व्यक्तीला दिलेले दान सात्त्विक. म्हणजे कर्तव्याचे बंधन सात्त्विकतेच्या आड येत नाही. परतफेडीसाठी, फळावर डोळा ठेवून किंवा कष्टी मनाने दिलेले ते राजस. घेणाऱ्याचा मान न राखता, त्याला तुच्छ लेखून दिलेले ते तामस. हीच कसोटी शाळेच्या नियमाला लावली तर दोष सक्तीत कमी आणि मोजणीत जास्त दिसतो. तास भरणे हेच ध्येय झाले की सेवा राजस होते. वृद्धाश्रमात जाऊन आजीआजोबांकडे न पाहता घड्याळाकडे पाहणारे मूल तर घेणाऱ्याचा अवमानच शिकून परत येते.

सक्तीचा धोका मात्र खरा आहे. आर्थर स्टुकस, मार्क स्नायडर आणि गिल क्लेरी यांनी १९९९ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्यावर सेवा लादली जाते आहे असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात पुढे आपणहून सेवा करण्याची इच्छा कमी होण्याची शक्यता त्यात दिसली. म्हणून काम कोणते करायचे याची निवड मुलाकडे हवी.

मेरीलँडच्या नियमात सेवेचे तीन टप्पे आहेत: आधी तयारी, मग प्रत्यक्ष काम आणि त्यानंतर त्या कामावर चिंतन. धान्य-केंद्रात रांग का लागते, हा प्रश्न मुलाला पडण्याची जागा तिसऱ्या टप्प्यात आहे. शाळेने ७५ तासांतील सर्वाधिक काळजी त्या टप्प्याची घ्यावी.